मंद्या, सप्टेंबरात मोंटानाला ये

प्रिय मंद्या,

बिगहॉर्नच्या, म्हणजे वळलेल्या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्याच्या, शिकारीला सोबत चल म्हटलं तर फोनवर तू सारखा "अरे पण शिकार?" यावरच अडत होतास, म्हणून म्हटलं सगळं लिहूनच टाकावं. मागच्या दिवाळीत माझ्याकडे एल्कचं मटण दोनदा वाढून घेतलं होतंस हे आधी आठव.

तर अब्सारोका-बेअरटूथ विल्डरनेस, यलोस्टोनच्या उत्तरेला, नऊ लाख एकरांहून मोठं रान, 1978 साली कायद्याने राखलेलं. आत गाडी नाही, सायकल नाही, चाकाची ढकलगाडीसुद्धा नाही, जायचं ते पायी नाहीतर घोड्यावर आणि घोडा आपल्याला परवडत नाही. इथे बिगहॉर्न मेंढ्यासाठी "अनलिमिटेड" डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे लायसन्सांच्या संख्येला मर्यादा नसलेले शिकारीचे विभाग. एरवी हे टॅग, म्हणजे एक मेंढा मारायचा परवाना, लॉटरीत लागायची वाट बघत लोक म्हातारे होतात, इथे मात्र माझ्यासारख्या रहिवाशाने 1 मेच्या आत अर्ज भरला की लायसन्स मिळतं, 125 डॉलर. ऐकायला गोड आहे ना? गोम पुढे आहे. कोटा असतो एकेका डिस्ट्रिक्टला एखाददुसऱ्या मेंढ्याचा, तो भरला की नोटीस निघते आणि 48 तासांत सीझन बंद, तुम्ही कुठल्या कड्यावर बसला असाल तिथून घरी. बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात, मीही तेच धरून चाललोय. सॅटेलाईट मेसेंजर घेतलाय, सोनाली रोज संध्याकाळी कोटा बघून दोन ओळी टाकणार.

तू कशाला हवास तर डोळे आणि खांदे. बंदूक हातात धरायची नाहीये, नुसतं सोबत यायला तुला लायसन्स लागत नाही. आपलं काम काय, तर पहाटे वरच्या धारेवर पोचायचं, ट्रायपॉडवर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं बघायची दुर्बीण, लावायचा आणि समोरचा डोंगर इंच इंच चाळायचा, तासन् तास, थंडीत. मेंढे धोका खालून येणार असं धरून बसतात, आणि ऊन चढलं की वारा दरीतून वर वाहतो, म्हणून त्यांच्या वरून उतरत जायचं. खालून गेलो तर आपला घामाचा वास आपल्याआधी पोचतो. नर तेव्हा माद्यांपासून वेगळे, आपापल्या टोळक्यात असतात, नोव्हेंबरात माजावर येईपर्यंत.

आणि दिसला म्हणून उडवला असं नाही. शिंगाचा वळसा पूर्ण गोलाच्या किमान पाऊण पाहिजे. नेमकी बाजू दिसल्याशिवाय ते ठरवता येत नाही, मेंढा मेला तरी बाजू दाखवत नाही, आणि म्हाताऱ्या नरांची शिंगं टोकाला झिजून तुटलेली असतात त्यामुळे खरा आजोबा पण आखूड वाटतो. दोघांचंही एकमत झाल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही हा नियम मी आत्ताच करून ठेवतोय. तू नाही म्हणालास तर नाही. मला उत्साहात काहीही दिसू शकतं, ओळखतोस ना मला.

समज मारला. मग खरं काम सुरू. खाण्याजोगं मटण टाकून येणं गुन्हा आहे, म्हणजे सगळं हाडावरून सोडवून पाठीवर, वर डोकं आणि शिंगं, मोठ्या नराची नुसती शिंगंच 14 किलोपर्यंत भरतात. एका खेपेत होत नाही. आणि हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख, आतडी पडली की वास लांबवर जातो, त्यामुळे मटण तिथून ताबडतोब हलवायचं, लांब उघड्यावर टांगायचं म्हणजे दुसऱ्या खेपेला येताना दुरूनच दिसतं कोणी बसलंय का. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवायचा तिखट फवारा, दोघांच्या कमरेला. तो विमानात चालत नाही, गॅसचा डबाही नाही, दोन्ही इथे घेऊ. खाण्याचं सोनालीने मनावर घेतलंय, वरणभात शिजवून डिहायड्रेटरमध्ये सुकवतेय, मेतकूट वेगळं.

आता तुझा प्रश्न. मारायचंच कशाला? आपल्याकडे 1972 पासून बंदी आणि ती मला पटते. इथलं गणित वेगळं, बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, तो 1937 च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जातो, आणि या मेंढ्यांना आज मोठा धोका शिकाऱ्याचा नाही, पाळीव मेंढ्यांकडून येणाऱ्या न्यूमोनियाचा आहे, कळपच्या कळप बसतात. पण हे सगळं सांगून मी तुला गप्प करू बघत नाहीये. मला तो डोंगर हवाय, ते मटण हवंय, दोन्ही खरं आहे. या भागात शोशोनींमधले तुकुदिका राहायचे, मेंढ्यावर जगणारे, शिंगं गरम पाण्याच्या झऱ्यात मऊ करून त्यांची धनुष्यं बनवायचे. तुला अशा गोष्टींचं वेड आहे म्हणून सांगितलं.

एक गोष्ट सीरियसली घे. कळसूबाई 1646 मीटर, इथे आपण गाडीच त्याहून वर लावणार आणि तंबू तीन हजारांच्या आसपास. तू न्यू जर्सीत एडिसनला समुद्रसपाटीवर बसून पाणीपुरी खातोयस. आजपासून पाठीवर वीस किलो टाकून बिल्डिंगचे जिने, रोज, लिफ्टकडे बघायचं नाही. बूट नवे घेणार असशील तर आत्ताच घेऊन रुळवायला लाग. बर्फ सप्टेंबरातही पडतो, कॉटनचं काही आणू नकोस. नारंगी जॅकेट माझ्याकडे दोन आहेत.

तिकीट बिलिंग्सचं काढ, परतीची तारीख बदलता येईल असं. आणि त्या उजव्या गुडघ्याचं डॉक्टर खरं काय म्हणाले ते वहिनीला विचारून मला कळव, तुझ्यावर माझा विश्वास नाही.

तुझा,
पक्या