पर्यटनमंत्री साहेब, टोलेडोला जा पण आधी पार्किंग बघा

माननीय पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मी कोल्हापूरचा. मुलगी माद्रिदला शिकते म्हणून यंदा आम्ही आईला घेऊन स्पेनला जाऊन आलो, त्यात एक दिवस टोलेडो केलं. माद्रिदपासून 70 किलोमीटर, सकाळी निघायचं आणि रात्री जेवायला परत. डोंगरावरचं गाव म्हटल्यावर आई म्हणाली मी खाली गाडीत बसते, तुम्ही या बघून. जोतिबाच्या पायऱ्या होईनात तेव्हापासून तिचं हे ठरलेलं वाक्य आहे.

तर टोलेडोला तीन बाजूंनी ताहो नदीचा वेढा, उरलेल्या बाजूला तटबंदी. तटाखाली गाडी लावली आणि बघतो तर तिथूनच सरकते जिने सुरू! सहा टप्पे, 36 मीटर चढ, तिकीट नाही. 2000 सालचं काम आहे. जिने तटाच्या खालून आत शिरतात आणि पुढे डोंगराच्या उतारात वाकडीतिकडी चीर पाडून त्यात बसवलेत, लांबून बघितलं तर नुसती भेग दिसते, ना लोखंडी सांगाडा ना रंगीत पत्रा. आई वर पोचली, धाप नाही काही नाही, उलट आम्हालाच म्हणते चला की भराभर.

वर काय नाही ते विचारा. 999 सालची मशीद, ज्यू लोकांची जुनी सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळं, आणि 1226 ला सुरू होऊन अडीचशेहून जास्त वर्षं बांधत बसलेलं कॅथेड्रल. (कामं रेंगाळायची परंपरा आपलीच आहे असं वाटायचं मला.) हाताला एक कागदी पट्टी बांधतात, एकदा पैसे भरले की त्या पट्टीवर सात वास्तू बघता येतात, दर दाराशी पाकीट काढायला नको. कॅथेड्रलचं तिकीट मात्र वेगळं. सान्तो तोमे चर्चमध्ये एल ग्रेको या जुन्या चित्रकाराचं ते एका सरदाराच्या दफनाचं प्रचंड चित्र, जिथल्यासाठी काढलं तिथेच अजून आहे, म्युझियमला हलवलेलं नाही. त्याच्या पैशावरून चर्च आणि चित्रकाराचं भांडण झालं होतं म्हणे, म्हणजे बिलं तेव्हाही अडकायची. आई म्हणाली मयताचं चित्र बघायला एवढ्या लांब आणलंत होय, पण खुर्ची मिळाल्यावर सगळ्यात जास्त वेळ तीच बघत बसली.

सगळं गोड नाहीये हं. मेन रस्त्याला ओळीने तलवारी आणि मार्झिपॅनची, म्हणजे बदामाच्या मिठाईची दुकानं, रोज लागणारं किराणा दुकान शोधावं लागतं, आणि आमच्यासारखे एक दिवसाचे पाहुणे संध्याकाळी गेले की गल्ल्या एकदम सामसूम. पण माणसं राहतात वर अजून, कपडे वाळत होते, पोरं दप्तर घेऊन चालली होती. 1986 पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे, तरी गाव आहे.

आता मुद्द्याचं. 2025 ला आपले किल्ले त्याच यादीत गेले, त्यात पन्हाळाही आहे, आणि पन्हाळ्यावरही टोलेडोसारखंच नांदतं गाव आहे. पण आपल्याकडे रविवारी सगळ्या गाड्या थेट गडावर. गडाच्या ‘तीन दरवाजा’ या जुन्या दरवाज्याचा फोटो काढायला गेलं की मध्ये कुणाची तरी एसयूव्ही. मी सरकते जिनेच बसवा म्हणत नाही, आपला पाऊस वेगळा, दगड वेगळा, ते तज्ज्ञ बघतील. गाड्या खाली थांबवा, वर न्यायला छोट्या बस ठेवा, गडावर राहणाऱ्यांना पास द्या, आणि हे ठरवताना आधी पन्हाळकरांना विचारा. आणि बसची पायरी एवढी खाली असू द्या की आईला चढताना दोन माणसं लागणार नाहीत.

तुमचं शिष्टमंडळ कधी स्पेनला गेलंच तर नदीपलीकडून सगळे फोटो काढतात तो पॉइंट शेवटी ठेवा. आधी त्या पार्किंगमध्ये अर्धा तास उभे राहा आणि कोण कोण वर जातंय ते मोजा.

आपला,
कोल्हापूरचा एक पर्यटक