सहीआधी माझा करार वाचून देणाऱ्या वकीलकाकांना

आदरणीय वकीलकाका,

सा. न. वि. वि.

चाकणच्या नव्या नोकरीचा करार घेऊन मी तुमच्याकडे आले, तेव्हा मला एकच विचारायचं होतं: सही करू की नको? नोकरी सोडल्यावर दोन वर्षं कुठल्याही प्रतिस्पर्धी कंपनीत काम करायचं नाही, अशी अट होती. मला येतं ते प्रेस टूलचं, म्हणजे पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या साच्यांचं, डिझाइन. तेच करायचं नाही, तर घर कशावर चालवायचं?

तुम्ही हो-नाही काहीच म्हणाला नाहीत. पेन्सिल घेऊन त्या लांबलचक परिच्छेदातल्या अटी वेगवेगळ्या करून दाखवल्यात. नोकरी सुटल्यानंतरची बंदी १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७पुढे टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली करार संपल्यानंतरच्या बंदीबद्दल तेच धरलं. नोकरी चालू असतानाची बंदी मात्र टिकू शकते. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधून पाच वर्षांचा करार मधेच सोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कंपनीत गेलेल्या गोलिकरींना १९६७ साली याच न्यायालयाने उरलेल्या मुदतीपुरतं रोखलं होतं. आणि कंपनीची ड्रॉइंग्ज, ग्राहकांचे दर बाहेर न्यायचे नाहीत, ही अट तर रास्तच आहे, ती मनापासून पाळ, असं तुम्ही बजावलंत.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते यापुढचं. ‘कोर्टात टिकणार नाही ना, मग कर सही’ हा सल्ला मला आधी चार जणांनी दिला होता. तुम्ही म्हणालात, ‘अगं, नुसती नोटीस आली तरी पुढची कंपनी बिचकते. निकाल तुझ्या बाजूने लागेलही, पण तोवरचे हप्ते कोण भरणार? सहीच्या आधी विचारायला पैसे पडत नाहीत.’

मग एचआरला पाठवायचा ईमेल तुम्ही माझ्याकडूनच लिहून घेतलात. भांडण नको, गुप्ततेची अट मान्य आहे हे आधी लिही, मग दोन वर्षांचं वाक्य काढायला सांग, एवढंच सुचवलंत. आठवड्याभरात सुधारित करार आला. ते वाक्य गेलं होतं; नोटीस पीरियड आणि गुप्तता तशीच होती. मी निर्धास्तपणे सही केली.

फीचं विचारलं तर तुम्ही विषय बदललात, म्हणून हे जाहीर आभार. धाकट्या भावालाही आता ऑफर आली आहे. त्याचा करार घेऊन रविवारी येते, पण या वेळी फी घ्यायचीच.

तुमची कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची टूल डिझायनर