ज्यांचं नाव प्रबंधात लिहिता आलं नाही, त्या काकींना

प्रिय काकी,

साष्टांग नमस्कार.

मौखिक परीक्षा झाली, पीएच.डी. मिळाली, हे फोनवर तुम्हाला सांगितलंच आहे. तरीही हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं पान असतं. माझ्या त्या पानावर मार्गदर्शक सर आहेत, ग्रंथपाल आहेत, आई-बाबा आहेत, नवरा आहे. तुम्ही नाही. मुलाखत देणाऱ्या कुणाचीही ओळख उघड करणार नाही, असं संमतिपत्रावर मी लिहून दिलं होतं आणि ते पाळायलाच हवं. त्यामुळे सगळ्यात जास्त जिच्यामुळे हे काम उभं राहिलं, ती घरगुती निवास चालवणारी बाई अख्ख्या प्रबंधात फक्त एका क्रमांकाने येते. ते मला सहन होत नाही. इथेही तुमचं नाव लिहीत नाही. पण हे वाचलंत की तुम्हाला कळेल, आणि वाडीतल्या बाकीच्या जणींनाही कळेल.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात शिकवते. आमच्या विषयात पीएच.डी. करणारे बरेच जण माझ्यासारखेच नोकरी सांभाळून करतात. सकाळी किचनमधलं प्रॅक्टिकल, दुपारी लेक्चर आणि रात्री घरचं आवरून झालं की वाचन. विषयातले मार्गदर्शक मोजकेच, म्हणून अनेकांची नोंदणी वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेखाली होते. अशा वेळी विषय निवडताना माणूस हाताशी असलेल्या साधनाकडे वळतो, आणि आमच्याकडे सगळ्यात हाताशी असलेलं साधन म्हणजे पाहुण्याचं समाधान मोजणारी प्रश्नावली. १९८८ मध्ये तीन अमेरिकी प्राध्यापकांनी २२ विधानांची ‘सर्व्हक्वाल’ नावाची मोजपट्टी तयार केली. पाहुण्याने काय अपेक्षिलं आणि त्याला काय मिळालं, यातलं अंतर ती मोजते. उपयोगी आहे, मी आजही ती वर्गात शिकवते. मालवण तालुक्यातल्या घरगुती निवासांचा अभ्यास करायला मी तीच घेऊन आले होते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेमुळे किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी आपल्या खोल्या पाहुण्यांना उघडल्या. त्या पाहुण्यांना काय वाटतं, हे मला मोजायचं होतं.

तुमच्या पडवीत बसून मी पाहुण्यांकडून प्रश्नावल्या भरून घेत होते. तुम्ही नारळ खवत होतात. पाहुणे उठून समुद्रावर गेल्यावर तुम्ही म्हणालात, “पावण्यांका सगळा इचारलंस. आता रांधता तिका इचार.”

त्या एका वाक्यावर माझा प्रबंध उभा आहे. पुण्याला परतल्यावर सरांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, हाच विषय घे. शीर्षक बदलायला सल्लागार समितीची मान्यता लागते, ती त्यांनी मिळवून दिली. घरगुती निवास चालवणाऱ्या बायकांचं न मोजलेलं काम हा माझा विषय झाला.

विषय सापडणं वेगळं आणि माहिती मिळणं वेगळं. ती तुम्ही दिलीत. माळ्यावरच्या पेटीतून तुम्ही वह्या काढून माझ्यासमोर ठेवल्यात, पहिला पाहुणा आला त्या दिवसापासूनच्या. तारीख, किती माणसं, किती पानं वाढली, लिलावात सुरमई काय भावाने मिळाली, गॅसचं सिलिंडर कधी बदललं. संशोधन करणाऱ्या माणसाला असा ऐवज कुणी सहज हातात देत नाही. तुम्ही मात्र “घे आणि बघ” एवढंच म्हणून चुलीकडे गेलात.

त्या वह्यांनी मला जे शिकवलं ते मला कुठल्याच शोधनिबंधात सापडलं नव्हतं. मार्च २०२० नंतरची कोरी पानं. मे २०२१ मध्ये एका ओळीत ‘वादळ, कौलां’ आणि पुढे फक्त कौलांचा आणि सुताराचा खर्च. तौक्ते वादळावरचे अहवाल मी वाचले होते, पण त्याची झळ मला त्या ओळीत कळली. दुसरं म्हणजे पावसाळा. पर्यटन हा मच्छीमार घराला दुसरा आधार, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. वही सांगते की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि नेमक्या त्याच दिवसांत स्कूबा, बोटिंग बंद आणि खोल्याही रिकाम्या. काकांची बोट आणि तुमच्या खोल्या एकाच वेळी थांबतात. दुसरा आधार गरजेच्या वेळी पहिल्याबरोबरच जातो. हे प्रकरण लिहिताना मी त्या पानांचे फोटो समोर ठेवले होते.

आणि गणपती! माझ्या तक्त्यात भाद्रपदातले ते दिवस कायम शून्य दिसायचे. सुट्ट्या आहेत, गाड्या भरभरून कोकणात येताहेत, आणि निवासात एकही पाहुणा नाही. परीक्षकांनीही हाच प्रश्न विचारला. उत्तर तुमचंच होतं. मुंबईहून चाकरमानी येतात, दीर, जावा, पुतणे, त्यांची पोरं, आणि पाहुण्यांच्या खोल्यांत घरची माणसं झोपतात. कागदावर खोल्या रिकाम्या आणि घरात पाय ठेवायला जागा नाही. तुमचं काम तर त्या दिवसांत सगळ्यात जास्त असतं. फक्त आकडे बघणारा माणूस त्याला मंदीचा काळ म्हणेल. वर्षाचं काम मोजताना ते दिवस मी वेगळे धरले, आणि परीक्षकांना ते पटलं.

वह्यांमध्ये नव्हतं ते एकच, तुमची मजुरी. ते मी विचारलं तेव्हा तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, माझ्या हातांचे पैसे कुणाच्या नावे लिहायचे? त्यानंतर तुम्ही मला दिवसभर मागे मागे फिरू दिलंत, घड्याळ घेऊन. पहाटे पाणी तापवणं, घावणे आणि चटणी, खोल्यांतली वाळू झाडणं, चादरी धुणं, बाजार, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, समुद्रावरून उशिरा परतणाऱ्यांसाठी पुन्हा गरम केलेलं माशाचं तिखलं, आणि सगळ्यांचं झाल्यावर तुमचं पान. बाईमाणसाच्या चुलीपाशी अनोळखी पोरीने वही-पेन घेऊन बसायचं ही साधी गोष्ट नाही. तुम्ही ती साधी करून टाकलीत.

पाहुण्यांशी हसून बोलणं हेही काम असतं, हे आमच्या शास्त्रात समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींचा अभ्यास करून मांडलं. भावनिक श्रम म्हणतात त्याला. मी ते वर्षानुवर्षं शिकवत आले. पण तुमच्या भावाच्या आजारपणाचा फोन आला, त्या दुपारी पाहुणे जेवायला बसत होते. तुम्ही डोळे पुसलेत, पदर खोचलात आणि सोलकढी वाढायला बाहेर गेलात. ‘आणखी घ्या’ हा आग्रहसुद्धा रोजच्यासारखाच. हे लिहू का, असं मी नंतर विचारलं, तुम्ही हो म्हणालात. प्रबंधातलं ते पान मी अजूनही सलग वाचू शकत नाही. हवाई सुंदरीची निदान कामाची पाळी संपते, तिला पगार असतो, आणि ती घरी जाते. तुम्ही तर घरातच असता.

तुमच्यामुळेच वाडीतल्या बाकीच्या घरांची दारं उघडली. पुण्याहून आलेल्या बाईला कोण कशाला आपली मिळकत सांगेल? तुम्ही बचत गटाच्या बैठकीत मला शेजारी बसवलंत आणि ‘आपली मास्तरीण’ म्हणून ओळख करून दिलीत. त्यानंतर मला कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या बैठकीतच कळलं की आम्ही बोललो त्या बहुतेक घरांत काम बायकांचं आणि नोंदणीचा कागद पुरुषाच्या नावावर. ही बाब नुसती मानाची नाही. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिला उद्योजकांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे, पण त्यासाठी व्यवसाय बाईच्या मालकीचा असावा लागतो. चूल तिची असून भागत नाही, कागदही तिचा लागतो. मी हे बैठकीत वाचून दाखवलं, एवढंच केलं. काकांशी बोलून कागद बदलायला घेतलात तुम्ही, आणि नंतर तीच फाईल घेऊन तुम्ही दोघी-तिघींच्या घरी जाऊन बसलात. संशोधनाचा समाजाला उपयोग काय, असं प्रत्येक मौखिकीत विचारतात. माझ्याकडे त्याचं जे उत्तर होतं ते तुम्ही करून दाखवलेलं होतं.

आमच्या क्षेत्राची एक गोष्ट मी तुम्हाला पडवीत सांगितली होती, ती इथे पुन्हा सांगते. हॉटेल व्यवसायाचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि तिच्यामागे लीलावती मुन्शी आणि त्यांच्या सहकारी बायका होत्या. म्हणजे बायकांच्या हातचं काम वर्गात आणलं ते बायकांनीच. ते ऐकून तुम्ही “मगे?” म्हणालात, म्हणजे ‘मग पुढे?’ त्या ‘मगे’चं उत्तर आम्ही शिकवणाऱ्यांनी आणि संशोधन करणाऱ्यांनी द्यायचं आहे. पर्यटनावर पीएच.डी. करणाऱ्या माझ्या प्रत्येक सहकाऱ्याला मी आता सांगते, प्रश्नावली पाहुण्याला द्या, पण स्वयंपाकघरात जाऊन बसल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

मसुदा वाचून दाखवायला आले तेव्हा तुम्ही सगळ्या जणी किती बारीक ऐकत होतात! लाकूडफाट्याचा खर्च धरलाच नाही, हे तुमच्यातल्याच एकीने दाखवलं. पाण्याबद्दल तर वेगळा विभाग तुमच्या आग्रहाने लिहिला. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये तुमच्या वाडीची चिंचोळी पट्टी. मे महिन्यात विहीर मचूळ होऊ लागते आणि नेमके तेव्हाच पाहुणे दिवसातून दोनदा अंघोळ करतात. ते पाणी कोण ओढतं, कोण विकत घेतं, हे त्या विभागात आहे. माझ्या मते प्रबंधातला तोच सगळ्यात कामाचा भाग आहे.

प्रबंध आता शोधगंगा या, विद्यापीठांचे प्रबंध सगळ्यांसाठी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर जाईल, पण तो इंग्रजीत आहे. म्हणून मी मराठीत सारांश लिहायला घेतला आहे. तुमचे चाकरमानी परत गेले की येईन, तेव्हा गटासाठी प्रती आणेन. पाण्याचा विभाग ग्रामसभेत ठेवायचा असं तुम्ही म्हणाला होतात. त्यासाठी तो वेगळा छापून घेते आहे, अक्षर मोठं ठेवून, म्हणजे काकांनाही चष्म्याशिवाय वाचता येईल. वह्यांचे फोटो मी कुणालाही दिलेले नाहीत, देणारही नाही. ते तुमचे आहेत. मुलाला संगणकावर हवे असतील तर पेन ड्राइव्हमध्ये घालून आणते.

काकी, तुम्ही वेळ दिलात, घर दिलंत, वह्या दिल्यात, आणि तुमच्याबद्दल खरं लिहायची मुभा दिलीत. मी मनापासून आभारी आहे.

काकांना आणि गटातल्या सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
पुण्याची मास्तरीण