शेरेवाल्या काकांना जाहीर पत्र

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेले तर तुम्ही "ते असू दे, सतरा आडवा सुटला का?" म्हणून विषय बदलाल, म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय वाचनालयात तुमच्या टेबलाशी कधी न बसलेल्यांनाही कळू दे की इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक कोडं सोडवून झाल्यावर खरी मजा सुरू होते.

मी मराठी शब्दकोड्यांवर वाढलेली. प्रतिशब्द आठवायचा, चौकोन भरायचा, की झालं. क्रिप्टिक हे अतिशहाण्यांचं काम, अशी पक्की समजूत. तुम्ही ते चक्क मराठीतून शिकवलंत. पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलंत: 'कलम विस्कटलं, आलं फूल (३)'. कंसात उत्तराची अक्षरसंख्या. एका टोकाला व्याख्या असते, ती इथे 'फूल'. उरलेला भाग अक्षरांचा खेळ. 'कलम'ची अक्षरं विस्कटली की 'कमल'. मधलं 'आलं' तुम्ही मुद्दाम पेरलेलं. सोडवणारा आल्या-लसणात अडकला की तुम्ही खूश. मग दुसरा, 'नदी उलटली, गरीब झाला (२)'. तो मी चहा यायच्या आत सोडवला आणि तिथेच फसले ती फसलेच.

इंग्रजी कोड्याकडे वळलो तेव्हा क्रिकेट कामी आलं. क्लूमधला शब्द उत्तरात अक्षरं पुरवतो: डक म्हणजे ओ, मेडन म्हणजे एम, ऑन म्हणजे लेग, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ब्रिटिश आरमार आणि लष्कर मात्र पाठच करावं लागलं: खलाशी दिसला की टार किंवा ए-बी (एबल सीमन), सैनिक दिसले की आर-ई (रॉयल इंजिनिअर्स) नाहीतर आर-ए (रॉयल आर्टिलरी). आणि क्लूमधला डॉक्टर बहुतेकदा शेजारच्या अक्षरांची मोडतोड करायला आलेला असतो, हेही.

पण हे सगळं कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात मिळालं असतं. तुमच्याकडून मिळाला तो दुसऱ्या दिवशीचा कागद. आदल्या दिवशीच्या कोड्याचं परीक्षण: आधी उत्तर, मग ते कसं आलं याची फोड, आणि उजवीकडे लाल शाईत शेरा. 'वा!' 'ओढूनताणून.' 'उत्तर बरोबर, क्लू आजारी.' 'एक शब्द उगाच बसलाय, त्याला उठवा.' वाचनालयाच्या पेपरावर तुम्ही कधी रेघसुद्धा मारली नाहीत, चौकोनांची जाळी दर वेळी हाताने काढलीत. (बॉलपेनने चुकीची उत्तरं भरून जाणाऱ्या सद्गृहस्थांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) फोड जमली नाही तर तिथे सरळ प्रश्नचिन्ह. आडव्या शब्दांतून आलेल्या अक्षरांवरून अंदाजपंचे दाहोदरसे भरलेलं उत्तर तुम्ही सुटलेलं मानतच नाही. "आलं, पण का आलं?" हा तुमचा प्रश्न मला आता ऑफिसच्या ताळेबंदातही छळतो.

शेरे मारायला आधार लागतो, तोही तुम्ही सांगितलात. 1949 साली 'अफ्रिट' या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी नियम घातला होता. त्याचा मथितार्थ तुमच्या शब्दांत: रचणारा बोलतो तेच त्याच्या मनात असेल असं नाही, पण जे मनात आहे ते त्याने बोललेलं असलंच पाहिजे. फसवा, पण खोटं बोलू नका. पुढे 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश पेपरात 'झिमेनीज' नावाने रचणाऱ्या डी. एस. मॅकनट यांनी 1966 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहून शिस्त लावली: नेमकी व्याख्या, रास्त शब्दखेळ, तिसरं काही नको. तुम्ही याच घराण्याचे. फालतू शब्द दिसला की तुमच्या कपाळावर आठी.

तरीही तुमच्या फाइलीत सगळ्यात जास्त पानं 'गार्डियन'च्या 'अरॉकॅरिया'ची, म्हणजे रेव्हरंड जॉन ग्रॅहम यांची. हा माणूस तर नियम वाकवण्यासाठीच प्रसिद्ध. विचारलं तर म्हणालात, "त्याला माफ आहे." जानेवारी 2013 मधलं त्यांचं कोडं तुम्ही मला मुद्दाम सोडवायला दिलंत. वर टीप होती की अरॉकॅरियाला 19चा 18 झाला असून त्यावर 13 15 हे उपचार चालू आहेत. आकडे म्हणजे जाळीतल्या उत्तरांचे क्रमांक. अठरा सुटला: कॅन्सर. एकोणीस: अन्ननलिका. तेरा-पंधरा: पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा करण्यासाठी नव्हे, त्रास कमी करण्यासाठीचे उपचार. एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाने आपलं दुखणं वाचकांना कोड्यातून सांगितलं, आणि वाचकांनी ते एकेक अक्षर भरत वाचलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. त्या कोड्याच्या तुमच्या परीक्षणात लाल शाई नाही. फोड मात्र एकूण एक क्लूची आहे.

आता थोडं भांडण. एच ते ओ ही आठ अक्षरं ओळीने लिहिलेली, उत्तर पाच अक्षरी, हा जुना क्लू. एच टू ओ, म्हणून वॉटर. त्यावर तुमचा शेरा: 'व्याख्या कुठाय? ही चलाखी.' असेल, पण असली चलाखी रोज मिळाली तर मी पेपरची वर्गणी दुप्पट देईन. आणि तुमच्या स्वतःच्या 'रामाकडच्यांत सापडेल (३)' या क्लूला तुम्ही नुसतं 'ठीक' लिहिलंत! 'माकड' अक्षरशः त्याच शब्दात बसलंय, आणि आख्खा क्लू हीच व्याख्या. मराठीत यापेक्षा सरस क्लू माझ्या पाहण्यात नाही. हा शेरा बदला.

माझाही एक क्लू पाठवतेय. सवलत नको, लाल शाई भरून ठेवा.

'वासलेल्या तोंडापुढे ओझं, धन्यवाद! (३)'

तुमची,
टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातली