मिस्त्री काका, दिवा विझला त्या दिवसाबद्दल

मिस्त्री काका,

सप्रेम नमस्कार. हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. घरी येऊन आभार मानले तेव्हा तुम्ही "राहू दे वं सुनबाई" म्हणून चहाचा कप पुढे केला आणि विषय संपवला. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्यामुळे माझा नवरा आज जिवंत आहे.

मेहकर-लोणारकडच्या आमच्या या जुन्या घरात आम्ही दोघं राहायला आलो, तेव्हापासून यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. यांची आजी म्हणायची, "या घराच्या पोटात अजून एक घर हाय." रात्री जेवणं झाली की हे मुठीनं भिंती ठोकत फिरायचे आणि मी कंदील धरायचे. मलाही तेवढंच वेड लागलं होतं, हे कबूल करते. आपल्या भागात ते लागायला वेळ लागत नाही. १८८८ साली मेहकरात खोदताना शारंगधर बालाजीची मूर्ती निघाली, ते आपण लहानपणापासून ऐकतो. २०२४ मध्ये सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णू सापडला, तेव्हा गावोगावी तीच चर्चा होती. जमिनीखाली काहीतरी असतंच, ही आपल्याकडची समजूत पक्की आहे.

तुम्ही आलात ते मागची भिंत फुगली म्हणून. यांनी लगेच पोकळ आवाजाची जागा दाखवली आणि सब्बल उचलली. तुम्ही ती हातातून काढून घेतली. "पह्यले माप घे, मंग भिताडाले हात लाव." मग दोरी काढली. मागची बाजू बाहेरून ४२ फूट. आतल्या तिन्ही खोल्या मिळून साडेतेहतीस. दीड-दीड फुटाच्या चार भिंतींचे सहा धरले, तरी अडीच फूट कुठे गेले ते कळेना. वहीत वजाबाकी केली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षं भिंती बडवून आम्हाला जे कळलं नव्हतं, ते एका दोरीनं अर्ध्या तासात सांगितलं.

आणि भिंत फोडावी लागलीच नाही. "हे बळद हाय. याचं तोंड वर असते," म्हणत तुम्ही माळ्यावर चढलात. बळद म्हणजे भिंतीतलं धान्याचं कोठार. फुटक्या कवेलूंच्या ढिगाखाली लाकडी झाकण होतं. माजघरात, जमिनीपासून हातभर उंचीवर, शेणामातीनं लिंपलेलं खालचं तोंडही तुम्हीच शोधलंत. वरून ज्वारी ओतायची, खालचं बूच काढून लागेल तेवढी घ्यायची. बाहेरच्याला ती नुसती भिंतच दिसते.

आत बॅटरी टाकली तेव्हा तळाशी ज्वारीचा भुगा, कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा आणि लाकडाची एक अधोली, म्हणजे धान्य मोजायचं माप, होती. पण मला आठवतात त्या रेघा. आतल्या भिंतीवर, अगदी वरच्या तोंडाशी, कोणीतरी कोळशानं उभ्या रेघा ओढल्या होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून. किती पोती ओतली त्याचा तो हिशोब असावा. शेवटची जुडी तीनच रेघांची होती. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० ला वऱ्हाडात मोठे दुष्काळ पडले. त्या रेघा त्या काळच्या की नंतरच्या, हे मला सांगता येणार नाही, पण त्या ओढणाऱ्या हाताला किती धाकधूक असेल हे त्या तीन रेघांकडे बघून कळत होतं.

आता पेवाबद्दल, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्याबद्दल. छपरीतला दगड हलवला आणि खाली अंधार दिसला, तेव्हा यांनी कमरेला दोर बांधलासुद्धा होता. 'पेव फुटलं' हा शब्द आपण रोज वापरतो, पण खरं पेव आम्ही दोघं पहिल्यांदाच पाहत होतो. तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की शेजारचे धावत आले. मग दिवा पेटवून दोरीनं खाली सोडलात. सात-आठ फुटांवर ज्योत बारीक झाली आणि विझली. दुसऱ्यांदा सोडला, तरी तिथंच विझला.

बंद पेवात धान्य श्वास घेतं, काडीकचरा कुजतो, त्यात हवेतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. तो हवेहून जड असतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. म्हणूनच पेवातल्या ज्वारीत किडा जगत नाही, आणि म्हणूनच उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही तिथंच पडतो. हे मी नंतर वाचलं. तुम्हाला ते पुस्तकावाचून ठाऊक होतं. चार दिवस तोंड उघडं ठेवायला लावलंत, बादली वरखाली करून हवा हलवलीत, रोज दिवा सोडून पाहिलात. पाचव्या दिवशी ज्योत तळापर्यंत जळत राहिली, तरी "दिवा जगला म्हंजे मानूस जगन असं नाई" म्हणत यांना उतरू दिलं नाहीत. आकड्यानं वर काढलं ते काय, कुजका कडबा. यांचा चेहरा उतरला. मी मात्र देवळीतल्या देवापुढे जाऊन रडले.

गावात बातमी पसरली, तसा एक जण रात्री ओसरीवर आला. पायाळू माणूस आणतो (पायाकडून जन्मलेल्याला गुप्तधन दिसतं अशी समजूत), अमावास्येला पूजा करू, धन निघेल ते निम्मं-निम्मं. आमच्या तोंडून शब्द फुटायच्या आत तुम्ही त्याला दाराबाहेर काढलंत. अशा पूजांच्या नावाखाली काय काय घडतं, म्हणूनच २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला. आणि खरंच काही सापडलं असतं, तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. हे तुम्हीच यांना ऐकवलंत, अगदी शांतपणे.

भिंतीला सिमेंट लावू दिलं नाहीत, त्याबद्दलही आभार. पांढरीची माती, कुटार आणि शेण कालवून भिजत घातलंत, रोज पायानं तुडवलंत. मातीची भिंत श्वास घेते, सिमेंट ओल आत कोंडतं. यंदाच्या पावसाळ्यात ती भिंत कोरडी राहिली.

तुम्ही मजुरी फक्त लिंपणाच्या दिवसांची घेतलीत. पेवाशी बसलेल्या पाच दिवसांचे पैसे घेतलेच नाहीत, ही रुखरुख आम्हाला आहे.

काका, बळद आम्ही साफ करून लिंपलं. रब्बीची दोन कट्टे ज्वारी उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून परवा वरून ओतली. यांनी कोळसा घेतला आणि त्या तीन रेघांपासून हातभर जागा सोडून दोन रेघा ओढल्या. बूच अजून काढलेलं नाही. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, काकूंना घेऊन या. ते तुमच्या हातानं काढायचं ठेवलं आहे, आणि पहिली अधोली तुमच्या घरची आहे.

तुमची,
वाड्यातली सून