सेटलमेंटवाल्या कंपनीला पैसे देण्याआधी

प्रिय संदीप,
सप्रेम नमस्कार.

क्रेडिट कार्डाची थकबाकी कमी रकमेत मिटवून (म्हणजे ‘सेटलमेंट’ करून) देतो म्हणणाऱ्या त्या कंपनीच्या करारावर अजून सही केली नसशील तर थांब. ‘कार्डाचे हप्ते बंद करा, तेच पैसे आमच्याकडे साठवा, बँकेशी आम्ही बोलतो’ असं ते सांगतात. पण तू भरणं थांबवलंस तरी व्याज थांबत नाही. वसुलीचे फोन येतच राहतात आणि बँक लवादाकडे जायला मोकळी असते. सेटलमेंट होवो न होवो, कंपनीची महिन्याची फी चालूच. मुळात अशा कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि त्यांचा शब्द बँकेवर बंधनकारक नसतो.

तुझं गणित बघ. दोन लाख थकले आहेत आणि व्याज महिना ३.५ टक्के, म्हणजे ७,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १,२६०. मिनिमम ड्यू, म्हणजे दरमहा किमान भरायची रक्कम, पाच टक्के धरला तर १०,००० भरून मुद्दल जेमतेम १,७४० नं उतरते. त्यामुळे पगार चालू असेल तर सेटलमेंटचा विचारच नको. बँकेला सांगून थकबाकी ईएमआयमध्ये बदलून घे किंवा कमी व्याजाचं पर्सनल लोन काढून कार्ड एकदम फेड.

भरणं खरंच शक्य नसेल तरच सेटलमेंट, आणि तीही स्वतः कर. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं, होतं, आणि बँक सहसा त्यानंतरच रक्कम कमी करायला तयार होते. ईमेलवर लिही: नोकरी कधी गेली, घरात आजारपण काय, एकरकमी किती देऊ शकतोस. कागद जोड. पहिला आकडा खालचाच सांग, घासाघीस होणारच. त्याच बँकेत बचत खातं असेल तर बँक त्यातून रक्कम वळती करू शकते, तेही लक्षात ठेव.

सगळ्यात जास्त फसगत सेटलमेंटच्या पत्रात होते. एजंट फोनवर म्हणतो ‘साठ हजारांत मिटवतो, आजच भरा’. लेखी पत्राशिवाय एक रुपयाही देऊ नकोस. पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं, त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, शेवटची तारीख आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द हवेत. पैसे थेट कार्ड खात्यात भर, एजंटच्या यूपीआयवर नाही. हप्ते ठरले असतील आणि एक चुकला, तर ऑफर सहसा रद्द होते. मग भरलेले पैसे जुन्या थकबाकीत जमा होतात.

सगळे पैसे भरून झाले की नो ड्यूज पत्र, म्हणजे आता काही देणं बाकी नाही असं बँकेचं पत्र, माग. सिबिलवर, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, मात्र ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ लागतं आणि ते वर्षानुवर्षं दिसतं. घराचं कर्ज काढायचं असेल तर हा फार महाग सौदा. पुढेमागे उरलेली रक्कम भरलीस तर बँकेकडून तो शेरा बदलून घेता येतो.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. केलाच तर आधी बँकेकडे लेखी तक्रार कर. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे काही फी नाही.

पत्र हाती आलं की पैसे भरण्याआधी त्याचा फोटो मला पाठव.

तुझा,
अविनाश