नदी कोणती, असं विचारणाऱ्या ताईंना

न्यूझीलंडच्या 'ते पापा' या राष्ट्रीय संग्रहालयातल्या ताई,

तुमच्या बिल्ल्यावर नाव होतं, पण माझा जवळचा चष्मा सुनेच्या पिशवीत राहिला होता. म्हणून नुसतं ताई.

वेलिंग्टनला मुलाकडे आले आणि चौथ्या दिवशी आमची वरात तुमच्याकडे. नातू दुसऱ्या मजल्यावर त्या अजस्र माकुलापाशी (स्क्विडपाशी) चिकटून बसला. 2007 साली अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात सापडलेलं, जवळजवळ अर्धा टन वजनाचं. मला फार वेळ बघवेना. एकटीच लिफ्टने चौथ्या मजल्यावर आले आणि तिथे गुडघ्याने असहकार पुकारला.

तुम्ही घडीचं स्टूल आणून दिलंत, पाणी दिलंत. त्यासाठी आभार आहेतच. पण पत्र लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नासाठी.

कुठून आलात, हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारलंत, तुमचा डोंगर कोणता, नदी कोणती? तुमच्याकडचा माओरी, म्हणजे न्यूझीलंडचा मूळ रहिवासी, ओळख सांगतो ती अशी: डोंगर, नदी, पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, आणि स्वतःचं नाव अगदी शेवटी. मी म्हटलं, डोंगर पांडवगड, नदी कृष्णा. होडीपाशी अडले. 'एसटी' म्हणाले, आणि मग एसटी म्हणजे काय ते सांगताना दोघींची हसून पुरेवाट झाली. आमच्याकडे पूजेला गुरुजी संकल्पात 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणतात. जन्मभर ते कानावरून गेलं. ती आपली ओळख सांगणं चाललेलं असतं, हे तुमच्यासमोर बसल्यावर कळलं.

मग तुम्ही चपला काढायला लावून 'ते हाउ की तुरांगा' या सभागृहात नेलंत. हे घर म्हणजे पूर्वजाचं शरीर: आढं हा कणा, वासे या बरगड्या, आणि भिंतीतले कोरीव खांब म्हणजे एकेक पणजोबा-खापरपणजोबा. 1840च्या दशकात राहारुही रुकुपो यांनी ते कोरून घेतलं. मी 'किती छान जपलंय' म्हणाले, त्यावर तुम्ही शांतपणे सांगितलंत की 1867 साली सरकारने हे घर रोंगोव्हाकाटा या माओरी जमातीकडून उचलून आणलं, आणि घर त्यांचंच आहे. पगार देणाऱ्या संग्रहालयातच उभं राहून हे सांगितलंत! आमच्याकडे गाईड तलवारींची वजनं सांगतात. तलवार कुणाच्या घरून आली, ते क्वचितच.

आणि ती तामिळ घंटा! मी भारतातली म्हणून तुम्ही मुद्दाम तिचा फोटो दाखवलात. 1836च्या सुमारास विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला ती उत्तरेकडच्या माओरी बायकांकडे दिसली; त्या तिच्यात बटाटे उकडत होत्या. कडेवर तामिळ अक्षरं: मोहिदीन बक्ष यांच्या जहाजाची घंटा. ती तिथवर कशी पोचली, कुणालाच ठाऊक नाही. मला मात्र त्या बायकांचं कौतुक वाटलं. जाड बुडाचं भांडं हाती आलं, चुलीवर चढवलं. मीही तेच केलं असतं.

निघताना तुम्ही माओरी रीतीने नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावलंत. माझा चष्मा मध्ये आला, त्याबद्दल माफी.

कधी वाईला आलात तर घाटावर नेईन, ढोल्या गणपतीचं दर्शन घडवीन. चपला तिथेही बाहेरच काढाव्या लागतील.

तुमची,
कृष्णाकाठची एक आजी